या हाताचं त्या हाताला: मिशन ट्रिपवरच्या देण्याघेण्याची एक केस

पार्श्वभूमी

आफ्रिकेतल्या एका देशातलं जिल्हा पातळीवरचं हॉस्पिटल, तिथे अधूनमधून येणारी परदेशी सर्जरी टीम, आणि एका खेपेला टीममधल्या लोकांच्या चांगुलपणावरूनच उडालेला गोंधळ, अशी ही केस आहे. देश, संस्था, माणसं कुणाचंच नाव दिलेलं नाही, ओळख पटेल असे काही तपशील बदललेत, घटनांचा क्रम मात्र जसाच्या तसा. मी डॉक्टर नाही, टीमचं स्टोअर आणि रजिस्ट्रेशनचं टेबल माझ्याकडे होतं, त्यामुळे ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात, कमी आणि वॉर्डात, व्हरांड्यात जास्त वावर होता, आणि ही केस बरीचशी घडली ती तिथेच.

काम दोन प्रकारचं होतं. दुभंगलेले ओठ-टाळू शिवणं आणि भाजल्यामुळे आखडलेले हात, मान, कोपर मोकळे करणं. जन्मणाऱ्या साधारण 700 मुलांमागे एकाला ओठ किंवा टाळू दुभंगलेला असतो. ओठाच्या ऑपरेशनसाठी सर्जन लोक वर्षानुवर्षं दहाचा नियम वापरत आलेत, वय दहा आठवडे, वजन दहा पौंड म्हणजे साडेचार किलोच्या आसपास, हिमोग्लोबिन दहा. सोयी असलेल्या ठिकाणी बाळ काही महिन्यांचं असतानाच हे उरकतं, इथे मात्र रांगेत शाळकरी मुलंही होती आणि मिसरूड फुटलेले पोरगेही.

टीममधली बहुतेक माणसं स्वतःचं तिकीट काढून, रजा टाकून आलेली. संस्था चर्चशी जोडलेली होती पण माणसं सगळ्या तऱ्हेची, सकाळी प्रार्थनेला बसणारी होती तशी त्या वेळात गुपचूप जाऊन ऑटोक्लेव्ह, म्हणजे हत्यारं निर्जंतुक करायचं यंत्र, लावणारीही होती, आणि दोघांचं एकमेकांशी चांगलं जमायचं. सांगायचं एवढंच की देण्याची दानत इथे मुळात कमी नव्हती, उलट सगळे द्यायलाच आले होते, आणि अडचण तिथूनच सुरू झाली.

अडचण

पहिल्याच तपासणीत एक आई दीड-दोन वर्षांच्या मुलीला घेऊन आली होती. फार लांबून, दोन बस बदलून. मुलीला सर्दी, छातीत घरघर. आमच्या भूलतज्ज्ञ मॅडमनी स्टेथोस्कोप लावला आणि मान हलवली. अशा सर्दीत श्वासनलिका चिडलेली असते, भूल देताना आकसली तर लहान मुलाचा ऑक्सिजन भराभर खाली येतो, म्हणून ऑपरेशन तातडीचं नसेल तर दोन ते चार आठवडे थांबणंच शहाणपणाचं. निर्णय अगदी बरोबर होता. पण दोन आठवड्यांनी टीम तिथे असणार नव्हती, आणि परत जायला त्या बाईकडे पैसेच उरले नव्हते.

आमच्यातल्या एका नर्सने संध्याकाळी तिच्या हातात काही नोटा दाबल्या, कुणाला काही न बोलता. या हाताचं त्या हाताला कळू नये म्हणतात ना, अगदी तसं. टीममध्ये खरंच कुणाला कळलं नाही. वॉर्डात मात्र रात्रीच सगळ्यांना कळलं, कारण वॉर्डात चाळीस माणसं जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेली असतात आणि बघायला दुसरं काहीच नसतं.

सकाळी ओटीच्या दाराशी नातेवाइकांची ही रांग. कुणी काही मागत नव्हतं, नुसते उभे होते, आणि तेच जास्त अवघड होतं. त्यातल्या एका बापाने तर आपल्या मुलालाही सर्दी झाली आहे असं सांगायला सुरुवात केली, म्हणजे पैसे नापास झालेल्यांना मिळतात असा अर्थ लोकांनी लावला होता, आणि हातात असलेल्या माहितीवरून तो अर्थ काही चुकीचा नव्हता.

त्याच दिवशी दुसरं झालं. एका तरुण व्हॉलंटिअरने, पोरगं केव्हाचं रडतंय म्हणून, त्याला बिस्कीट दिलं. ते पोरगं त्या दिवसाच्या ऑपरेशनच्या लिस्टवर दुसऱ्या नंबरचं होतं. भुलेआधीच्या उपासाचे साधे आकडे असतात, हलकं खाणं सहा तास आधी बंद, आईचं दूध चार तास, पाणी दोन तास. भुलेत पोटातलं वर येऊन फुप्फुसात गेलं तर जिवावर बेतू शकतं. एका बिस्किटाने सहा तासांचं घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं आणि त्या दिवसाची लिस्ट कोलमडली. रडणारं पोर उपाशी होतं कारण त्याला उपाशी ठेवलं होतं, आणि हे त्याच्या आईला नीट समजलेलं होतं, आमच्या माणसालाच नव्हतं.

मग बॅगा उघडायला लागल्या. खेळणी, कपडे, आणि काहींनी आपापल्या ओळखीतून जमवलेली औषधं. औषधांच्या दानासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक तत्त्वं 1996 पासून आहेत, त्यात एक साधा नियम आहे की औषध पोचल्यावर त्याची मुदत किमान वर्षभर शिल्लक असावी, आणि देणाऱ्याच्या देशात ज्या दर्जाचं चालत नाही ते घेणाऱ्याच्या गळ्यात मारू नये. आमच्याकडे आलेल्या एका डब्याची मुदत दोन महिन्यांवर होती. तो मी बाजूला ठेवला. देणाऱ्या बाई दुखावल्या, त्यांनी तो डबा किती खटपटीने आणला होता ते मला माहीत होतं, तरी बाजूलाच ठेवला.

दुपारी वॉर्डच्या इनचार्ज सिस्टर, तिथल्याच, पन्नाशीच्या पुढच्या, टीम लीडरकडे आल्या. आवाज अजिबात चढवला नाही. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा होता: तुम्ही जाल, वॉर्ड माझ्याकडेच राहील. पुढचे सहा महिने लोक मला विचारणार की त्या बाईला दिले, आम्हाला का नाही, तेव्हा मी काय सांगू?

एक गोष्ट त्या बोलल्या नाहीत, ती नंतर दुभाष्याकडून कळली. वॉर्डातल्या एक मावशी, साफसफाईचं काम करणाऱ्या, लांबून आलेल्या नातेवाइकांना कित्येक वर्षं आपल्या डब्यातलं देत होत्या, आणि अगदीच कुणी अडकलं तर नर्सेस आपापसात वर्गणी काढून बसभाडं देत. म्हणजे व्यवस्था आधीपासून होती. लहान, गरीब, पण सगळ्यांना माहीत असलेली, आणि कोणाला गरज जास्त हे त्यांना आमच्यापेक्षा कितीतरी चांगलं कळत होतं. आम्ही मोठ्या नोटा घेऊन तिच्यावरून चालत गेलो होतो.

समोर असलेले पर्याय

रात्री मीटिंग झाली, लांबली. पहिला पर्याय सरळ बंदीचा, कुणीही कुणाला काहीही द्यायचं नाही. बऱ्याच संस्थांचा लेखी नियम असाच असतो आणि त्यामागे कारणंही आहेत, पण त्या रात्री प्रश्न असा होता की ज्या बाईकडे परतीचे पैसे नाहीत तिचं काय. दुसरा पर्याय, ज्याचं त्याने बघावं. ह्याला बोलणारे कमी होते पण मनातून धरून असलेले बरेच असावेत असं मला तेव्हाही वाटलं. तिसरा, सगळ्यांचा एक सामाईक फंड आणि वाटप हॉस्पिटलच्या लोकांच्या हातून.

वाद बंदी आणि फंड यांच्यात रंगला. फंडाच्या विरोधातला मुद्दा वजनदार होता, की आपण सर्जरी करायला आलोय, बसभाडं हा आपला विषय नाही, एकदा सुरू केलं की याला अंत नाही. त्यावर भूलतज्ज्ञ मॅडमनी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या कमिशन ऑन ग्लोबल सर्जरीचा 2015 चा रिपोर्ट काढला. त्यात म्हटलंय की दर वर्षी 3 कोटी 30 लाख लोक सर्जरी आणि भुलेच्या खर्चापायी आर्थिकदृष्ट्या कोलमडतात, आणि त्याशिवाय आणखी 4 कोटी 80 लाख प्रसंग असे की माणूस ऑपरेशनच्या बिलाने नाही तर प्रवास, राहणं, खाणं यांच्या खर्चाने बुडतो. म्हणजे ऑपरेशन फुकट केलं तरी मोठा खड्डा तसाच राहतो. मॅडम म्हणाल्या, "बसभाडं आपला विषय नसेल तर मग फुकट हा शब्दही बॅनरवर लिहू नका." यावर कोणी काही बोललं नाही.

मला विचाराल तर बंदीवाले पूर्ण चूक नव्हते. नर्सने नोटा दिल्या त्यात दोष रकमेचा नव्हता, नियम कुणालाच माहीत नव्हता हा होता. घेणाऱ्यांच्या बाजूने सगळं दिसत होतं आणि काहीच कळत नव्हतं.

काय केलं

ठरलं ते असं. देणाऱ्याचं नाव लपवायचं आणि देणं उघड करायचं. वॉर्डच्या दारावर स्थानिक भाषेत कागद लागला: दाखल झालेल्या किंवा तपासून परत पाठवलेल्या प्रत्येक पेशंटला आणि सोबतच्या एका माणसाला अंतराप्रमाणे परतीचं बसभाडं मिळेल, वॉर्डात असेपर्यंत दोन वेळचं जेवण मिळेल, याहून जास्त कुणालाही काही मिळणार नाही. बसभाड्याचे दर स्टँडवरून आणले. पैसे हॉस्पिटलच्या कॅशिअरकडे, वाटप इनचार्ज सिस्टरकडे, वहीवर दोघांच्या सह्या. परदेशी माणसाच्या हातून एकही नोट जाणार नाही. जेवणाचं मावशींना विचारून ठरवलं, आणि त्यांना त्यासाठी पगारी मदतनीस दिली. हा मुद्दा सिस्टरनी मांडला, आमच्या डोक्यात आला नव्हता.

पैसे जमवताना पुन्हा एक घोळ. आधी जेवणाच्या खोलीत काचेची बरणी ठेवली होती. दोन दिवसांत बरणीकडे बघायची सगळ्यांची नजर बदलली, कोण किती टाकतो, कोण नुसताच जेवून जातो. बिस्कीटवाला मुलगा लोकांकडून पैसे गोळा करून कसाबसा तिकीट काढून आला होता, तो जेवायला उशिराच यायला लागला. हे लक्षात आलं टीमच्या सर्वांत अबोल माणसाच्या, यंत्रं दुरुस्त करणाऱ्या टेक्निशियनच्या. त्याने बरणी उचलली आणि दुसऱ्या रात्री प्रत्येकाच्या उशाशी एक बंद पाकीट ठेवलं. सकाळी सगळ्यांनी पाकीट परत द्यायचं, भरलेलं असो की रिकामं. जाडी कळू नये म्हणून प्रत्येक पाकिटात आधीच एक घडी घातलेला कागद. ही युक्ती मी पुढे दुसऱ्या दोन-तीन ठिकाणीही सुचवली आहे. हिशेब पाहिला तर बरणीपेक्षा पाकिटांत जास्त जमलं, कुणी किती दिले ते कोणालाच माहीत नाही आणि विचारायचंही नाही असं ठरलेलं.

दुसरा निर्णय ओटीतला, आणि माझ्या मते या केसमधलं सगळ्यात महागडं देणं तेच होतं. सर्दी, ताप, कमी हिमोग्लोबिन यामुळे परत पाठवलेल्या मुलांचं पुढे काय, हा प्रश्न बसभाड्याने सुटत नव्हता. भाडं देऊन घरी पाठवलं तरी परत आल्यावर ऑपरेशन करणार कोण? हॉस्पिटलमध्ये एक तरुण जनरल सर्जन होते, ओठाच्या केसेस पाहिलेल्या पण स्वतः टेबल चालवलेलं थोडंच. आमच्या सीनिअर सर्जननी एका टेबलाची उरलेली सगळी लिस्ट त्यांना दिली आणि स्वतः असिस्टंट म्हणून उभे राहिले. मॅडमनी तिथल्या भूल देणाऱ्या टेक्निशियनला पुढे करून स्वतः बाजूला स्टूल घेतलं. आमच्या स्क्रब नर्सने, म्हणजे टेबलाशी सर्जनच्या हातात हत्यारं देणाऱ्या नर्सने, तर हातमोजेच घातले नाहीत, स्थानिक नर्सच्या मागे उभी राहून नुसती बघत होती.

एकदा स्टोअरमधून टाके द्यायला गेले तेव्हा जरा वेळ थांबून बघितलं. ओठाच्या ऑपरेशनमध्ये कापण्याआधी शाईने बारीक ठिपके काढतात, वरच्या ओठाची कमान दोन्ही बाजूंना सारखी यावी म्हणून. तरुण सर्जननी ठिपके काढले, कॅलिपरने मोजले, पुसले, पुन्हा काढले. सीनिअर गप्प. एका हाताने कातडी बाजूला धरायचा रिट्रॅक्टर धरलेला, दुसरा हात पेशंटवर अंथरलेल्या कापडावर पालथा, आणि त्या हाताची बोटं मधूनमधून उचलली जायची आणि परत खाली टेकायची. तिसऱ्यांदा मोजून झाल्यावर तरुण सर्जननी वर पाहिलं, तेव्हा ते एवढंच म्हणाले की मीही इथेच काढले असते. एका ओठाला दुप्पट वेळ लागला.

याची किंमत होती. त्या टेबलावरच्या केसेस जवळपास अर्ध्या झाल्या. देणगीदारांच्या रिपोर्टमध्ये सगळ्यात वर केसेसचा आकडा असतो, आणि तो या वेळी खाली येणार हे टीम लीडरना दिसत होतं. रजा टाकून, स्वतःच्या पैशाने येऊन, ज्या कामासाठी आलो तेच दुसऱ्याच्या हातात देऊन बाजूला उभं राहायचं, हे नोटा देण्यापेक्षा अवघड आहे. एक सर्जन यावर नाराज होते आणि त्यांनी ते स्पष्ट सांगितलं: रांगेत उभ्या असलेल्या ज्या मुलाचा नंबर या वर्षी लागणार नाही, त्याला तुमचं ट्रेनिंग काय कामाचं? प्रश्न खरा होता. तोडगा निघाला तो अर्धवट, दुसरं टेबल पूर्ण वेगाने चालू ठेवायचं, शिकवायचं फक्त एकावर.

मध्येच रक्ताचा प्रश्न

एक बारा किलोचं पोर होतं, कोपरापासून मनगटापर्यंत भाजून आखडलेलं. जागतिक आरोग्य संघटनेची 2008 ची सर्जिकल सेफ्टी चेकलिस्ट आहे, 19 मुद्द्यांची, त्यात भूल देण्याआधी मोठ्याने विचारायचा एक प्रश्न असतो: 500 मिलीपेक्षा जास्त, मुलांमध्ये किलोला 7 मिलीपेक्षा जास्त रक्त जाण्याचा धोका आहे का? बारा किलोला हा आकडा 84 मिली येतो. कातडी मोकळी करून दुसरीकडची कातडी लावायची म्हटल्यावर एवढं सहज जाऊ शकतं. उत्तर हो आलं, आणि ब्लड बँकेत त्या गटाची पिशवी नव्हती. तिथे नातेवाइकांनी रक्त देऊन साठा भरायची पद्धत, आणि या पोरासोबत फक्त आजी.

अर्ध्या टीमने बाह्या सरसावल्या. इथे मॅडमनी ब्रेक लावला. दुसऱ्या दिवशी ओटीत उभं राहणाऱ्या कुणीही द्यायचं नाही, गरमीत तासन्‌तास उभं राहून चक्कर आली तर टेबलावरचा पेशंट अडकतो. आणि रक्त घेणार, तपासणार तिथलीच ब्लड बँक, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, सिफिलिस, मलेरिया, सगळं त्यांच्या पद्धतीने, परदेशी म्हणून सूट नाही. शेवटी गट जुळणारे दोघं निघाले, आमचा यंत्रं दुरुस्त करणारा टेक्निशियन आणि बिस्कीटवाला मुलगा. दोघांनी दिलं.

ऑपरेशनमध्ये रक्त फार गेलंच नाही. पिशव्या फ्रिजमध्येच राहिल्या. रात्री बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबत नसलेली एक बाई आली, गट तोच, पिशव्या तिला गेल्या. बिस्कीटवाला मुलगा जरा खट्टू झाला होता, ज्याच्यासाठी दिलं त्याला लागलंच नाही म्हणून. ते त्या बाईला गेलं हे त्याला सांगावं की नाही यावर सिस्टर म्हणाल्या की पेशंटची माहिती आम्ही देत नाही, आणि तो विषय तिथेच मिटला. मला ते कळलं ते स्टोअरच्या नोंदीमुळे. मीही सांगितलं नाही.

निकाल

रांग दोन दिवसांत विरली. कागद दारावर असल्यावर कुणाला दाराशी उभं राहण्याचं कारण उरलं नाही, आणि आम्हाला सर्दी झालीय म्हणणारेही बंद झाले. बिस्किटावरून लिस्ट पुन्हा कोलमडली नाही, उपाशी ठेवलेल्या मुलांच्या मनगटाला लाल पट्टी बांधायला सुरुवात केली, साधा उपाय, पहिल्या दिवशीच व्हायला हवा होता.

त्या पहिल्या आईची मुलगी महिनाभराने परत आली, भाडं मिळालं होतं म्हणून येऊ शकली, आणि तिचा ओठ त्या तरुण सर्जननी आमची टीम तिथे नसताना शिवला. परत पाठवलेल्यांपैकी सगळे आले असं मात्र नाही. काही जणांचा पत्ताच लागला नाही, फोन नंबर शेजाऱ्यांचे होते आणि उचलले गेले नाहीत. फंडाचे पैसे काही महिने पुरले, मग संपले, आणि पुन्हा नर्सेसची वर्गणी सुरू झाली. केसेसचा आकडा आदल्या खेपेपेक्षा कमी आला, रिपोर्टमध्ये त्याचं स्पष्टीकरण द्यावं लागलं, आणि एका देणगीदाराला ते पटलं नाही.

ज्या नर्सने पहिल्या नोटा दिल्या होत्या, तिला मीटिंगमध्ये कुणी नाव घेऊन बोललं नाही, पण सगळ्यांना अंदाज होता. ती शेवटपर्यंत जरा गप्पच होती. तिला दोष देणं मला कधीच पटलं नाही. निघायच्या आधी टीमला दोन दिवसांचं ट्रेनिंग झालं होतं, लसी, विमा, ओटीचे नियम, सगळं, पण समोरचा रिकाम्या हाताने परत निघाला तर काय करायचं यावर एक मिनिटही नव्हतं.

वेगळं काय करता आलं असतं

सिस्टरना आधी विचारायला हवं होतं, निघायच्या आधी, ईमेलवर, फोनवर. तिथे लोकांना कशाची अडचण येते आणि तुम्ही आत्ता ती कशी भागवता, एवढे दोन प्रश्न. मावशींचा डबा आणि नर्सेसची वर्गणी तेव्हाच कळली असती आणि आम्ही त्यातच भर घातली असती, वेगळं दुकान मांडलं नसतं.

बसभाडं आणि जेवण बजेटमध्येच धरायला हवं, व्हॉलंटिअरच्या खिशावर नको. खिशातून आलेला पैसा टीम तिथे असेपर्यंतच टिकतो, आणि परत पाठवलेल्या पेशंटचा खर्च तर टीम गेल्यावर येतो. पुढच्या खेपेला संस्थेने हे केलं, प्रत्येक पेशंटमागे रक्कम धरली आणि ती हॉस्पिटलकडे आगाऊ दिली.

रिपोर्टमध्ये आपण केलेल्या केसेससोबत स्थानिक सर्जननी टीम नसताना केलेल्या केसेसचा रकाना हवा. हे मी सुचवलं, अजून झालेलं नाही, कारण तो आकडा वर्षभराने येतो आणि रिपोर्ट टीम परतली की लगेच लागतो.

ट्रेनिंगचं टेबल कुणी चालवायचं आणि वेगाचं कुणी, हा वाद मात्र सुटलेला नाही. नाराज झालेले सर्जन पुढच्या खेपेला पुन्हा आले, दुसरं टेबल त्यांनीच घेतलं, आणि पहिल्याच दिवशी इनचार्ज सिस्टरना विचारलं की गेल्या वेळी नंबर न लागलेल्या मुलांची यादी आहे का. यादी होती. त्या यादीपासून त्यांनी सुरुवात केली.